चहाचा वास कुणाचा?

सुगंध ही आपल्या घरांत प्रसंगाची गोष्ट आहे. लग्नात मांडवाच्या दाराशी एखादी मुलगी गुलाबपाणी शिंपडते, वंदनेच्या वेळी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे अगरबत्ती लागते. एवढा झाला सुगंध. बाकीच्या दिवसांत असतो तो वास. चुलीच्या धुराचा वास, घामाचा वास, सुकटीचा वास. सुगंध पैसे देऊन आणायचा आणि वास लोकांपासून लपवायचा, हे आपल्या मुलांना कुणी शिकवत नाही, तरी ती शिकतात.

म्हणून चहाच्या वासाचे अत्तर बाजारात मिळते हे कळले, तेव्हा आमच्या घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. त्या बोलण्यातून एका मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि तो सोडवताना आम्हाला बराच विचार करावा लागला. तो विचार वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आम्ही दोघी जावा. पोलादपूरला मुंबई-गोवा रस्त्यालगत आमची चहाची टपरी आहे, तिला बावीस वर्षे झाली. एकीने पातेले सांभाळायचे, दुसरीने कप धुवायचे आणि पैसे घ्यायचे, दुपारनंतर कामाची अदलाबदल. पूर्वी कशेडी घाट चढण्याआधी ड्रायव्हर हमखास थांबायचे. बोगदा सुरू झाल्यापासून ते कमी झाले. आता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारे, तालुक्याला कचेरीच्या कामासाठी येणारे आणि शाळा-कॉलेजची मुले यांच्यावर धंदा चालतो. टपरीत बाबासाहेबांचा फोटो आहे. तो पाहून दोन पावले मागे गेलेले गिऱ्हाईक बावीस वर्षांत पाहिले नाही असे नाही. पण पावसात गाडीतून उतरलेला माणूस आधी वासाकडे येतो, फोटो नंतर पाहतो.

हा वास म्हणजे आमची पाटी. पाणी ठेवले की गवती चहाची पात मुरडून टाकायची, मग ठेचलेले आले, मग साखर आणि पावडर, शेवटी दूध. झाकण काढले की वाससुद्धा ओळीने येतात. पहिला येतो गवती चहाचा, लिंबासारखा; तो पटकन उडून जातो. त्याच्या मागून आले. आणि सगळ्यांच्या खाली दुधाचा-साखरेचा गोड, जाड वास, तो कपडे धुतले तरी लुगड्याच्या पदरात राहतो. घरी मात्र गुळाचा कोरा चहा. उकळत्या गुळाच्या चहात दूध नासायची भीती, आणि दूध तर विकायच्या चहासाठीच राखून ठेवावे लागते.

थोरलीची मुलगी महाडला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. तिची एक मैत्रीण मुंबईला नोकरी करते. तिने येताना एका अत्तराची बोटाएवढी नमुन्याची कुपी आणली. ‘बॉम्बे परफ्युमरी’ नावाची मुंबईची कंपनी आहे, २०१६ साली सुरू झालेली. तिच्या एका अत्तराचे नाव ‘चाय मस्क’. मुलीने आमच्या दोघींच्या मनगटावर एकेक थेंब लावला आणि सांगितले, ‘आई, काकी, लगेच हुंगू नका, थोडं थांबा.’

थांबलो. पहिला आला गवती चहाच, मग आले, आणि शेवटी मऊ, उबदार गोडी. आम्ही एकमेकींकडे पाहिले. ओळ तीच! फक्त आमच्या चहातला धूर, उतू गेलेल्या दुधाचा करपट वास आणि ओल्या फडक्याचा वास त्यात नव्हता. मुलीने समजावले की जे रेणू हलके ते आधी हवेत उडतात, जड असतात ते अंगाला चिकटून मागे राहतात. गवती चहात सिट्रल नावाचे द्रव्य असते, लिंबाचा वास त्याचाच. सुगंध जुळवणारा माणूस हलके, मधले आणि जड असे वास हिशेबाने मांडतो. आम्ही म्हटले, मग आम्ही बावीस वर्षे काय करतो आहोत?

खाण्यापिण्याच्या गोड वासाची अत्तरे जगात बरीच निघाली आहेत. फ्रेंच भाषेत खवय्याला जो शब्द आहे, तो ‘गूर्माँ’ शब्द या अत्तरांना लावतात. १९९२ साली फ्रान्समध्ये थिएरी म्यूगलेर यांच्या नावाने ‘एंजल’ हे अत्तर आले आणि तेव्हापासून या प्रकाराला जोर चढला. त्यात एथिल माल्टॉल नावाचे द्रव्य भरपूर वापरले होते. जत्रेत काडीला गुंडाळून मिळणारे गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’ आठवा, तो वास या द्रव्याचा. साखर तापली की माल्टॉल आपोआप तयार होते. एथिल माल्टॉल हा त्याचाच माणसाने कारखान्यात बनवलेला भाऊ, वासाला कित्येक पट जोरदार. म्हणजे गूळ कढताना किंवा साखर करपताना आपल्या स्वयंपाकघरात जे फुकट दरवळते, त्याच्यावर परदेशात मोठा व्यापार उभा राहिला.

आणि चहाला परंपरेचे पेय म्हणायचे, तर ती परंपराही फार जुनी नाही. मळेवाल्यांचा चहा खपावा म्हणून सरकारने १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार झाला. रेल्वे स्टेशनांवर, कारखान्यांत, गिरण्यांत लोकांना चहाची सवय लावली गेली. आमच्या सासूबाई सांगतात की त्यांच्या सासऱ्यांनी गिरणीतून सुटीवर येताना मुंबईहून चहाची पुडी आणली, तेव्हा वाडीतली माणसे ती हुंगायला जमली होती. प्यायला सगळ्यांना पुरेल एवढा चहा त्या पुडीत नव्हता.

सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडली आहे. मुलीने त्यांच्या हातालाही थेंब लावला. त्यांनी हुंगले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘केवढ्याला गं?’ मोठ्या बाटलीला काही हजार रुपये पडतात हे ऐकून त्यांनी हिशेब मांडला. आमच्या टपरीवर कटिंग दहा रुपयांना. म्हणजे एका बाटलीत शेकड्यांनी चहा! मग त्या गप्प झाल्या आणि थोड्या वेळाने बोलू लागल्या.

त्या आठ-दहा वर्षांच्या असताना बापाबरोबर बाजाराला जायच्या. वाटेत एक हॉटेल होते. आपल्या माणसांसाठीचा कप हॉटेलच्या मागे वळचणीला उपडा घातलेला असायचा. तो आपण घ्यायचा, आपण धुवायचा, उंबऱ्याबाहेर उभे राहून पुढे करायचा. वरून चहा ओतला जायचा. पिऊन झाला की पुन्हा धुवून त्याच जागी ठेवायचा. लहान पोरीला वेगळा कप मिळत नसे. ‘बा अर्धा प्यायचा, अर्धा मला द्यायचा. चहाचा वास तर पार रस्त्यापर्यंत यायचा. वासाला कुणी अडवलं नाही गं, आम्हालाच अडवलं.’ एवढे बोलून सासूबाईंनी मनगट पदराला पुसले. अत्तर त्यांना आवडले नाही की आठवण आवडली नाही, हे आम्ही विचारले नाही.

महाड-पोलादपूरच्या माणसाला यावर वेगळे सांगायला नको. आपल्या भागात पाणी आणि चहा या नुसत्या तहानेच्या गोष्टी कधीच नव्हत्या. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा गावात चवदार तळे भरलेले असूनही परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तो कागदावरच राहिला होता. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. नंतर तळे बाटले म्हणून ते शुद्ध करण्यात आले. त्यासाठी १०८ घागरी पाणी काढले आणि तळ्यात दही, दूध, शेण, गोमूत्र सोडले. माणसाच्या ओंजळीने पाणी बिघडते आणि शेणाने सुधारते, असा तो हिशेब. तळ्यावरचा आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ ही तारीख उजाडावी लागली.

पण त्या परिषदेच्या आधीची एक गोष्ट आपल्यापैकी थोड्यांना माहीत असते. परिषदेच्या तयारीत ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे याच महाड तालुक्यातले. बाजाराला आलेल्या आपल्या माणसाला महाडात घोटभर पाणी मिळत नसे. अशा वेळी आपल्या लोकांसाठी महाडात चहाचे दुकान निघाले. मोऱ्यांच्या आठवणींत त्याची हकिकत येते. दुकानात चहा-पाणी मिळायचे, आणि माणसे टेकली की बोलणेही व्हायचे. कुठल्या गावात काय घडले, कुणाला कशाची अडवणूक झाली, हे तिथे एकमेकांना कळायचे. मोठ्या लढ्याची माणसे अशा ठिकाणीही जमत होती. आमच्या टपरीकडे पाहताना आम्हाला हे आठवते आणि बरे वाटते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिने हे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, ‘मला हेच शिकायचं आहे. वास कसे जुळवतात ते.’ मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, त्याची माहिती तिने आधीच काढून ठेवली होती. सुगंधाचा धंदा म्हणजे कनौजचे अत्तरवाले किंवा परदेश, असे आम्ही समजत होतो. पण एस. एच. केळकर ही सुगंधी द्रव्यांची कंपनी मुंबईत १९२२ साली मराठी माणसांनीच उभारली. आणि खुद्द आमच्या महाडला, बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीत, प्रिवी या कंपनीचे सुगंधी रसायनांचे मोठे कारखाने आहेत.

ते काम कसे चालते हे मुलीने सांगितले तेव्हा आम्ही थक्क झालो. परदेशात पाइन झाडांच्या लाकडाचा लगदा करून कागद बनवतात. त्यातून टर्पेंटाइन नावाचे तेल उरते. त्यात गंधकाची द्रव्ये असल्यामुळे त्याला नाक दाबावे अशी घाण येते. ते जहाजाने इकडे आणतात, शुद्ध करतात, आणि त्यातून लिंबासारखी, फुलांसारखी, ताज्या लाकडासारखी वास देणारी रसायने तयार करतात. ती पुढे देशोदेशीच्या साबणांत, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि अत्तरांत जातात. व्हॅनिला घातलेल्या आइस्क्रीमचा वास आपण ओळखतो. त्यातले व्हॅनिलिन हे द्रव्यही १८७४ साली जर्मनीत पहिल्यांदा बनवले ते पाइन झाडातल्याच एका पदार्थापासून. म्हणजे घाणीतून सुगंध काढता येतो, आणि तो आमच्या घरापासून तासाभराच्या आत काढला जातो.

मुलीचे वडील त्या वसाहतीतल्या दुसऱ्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. पंचवीस वर्षे ड्रम उचलतात. पाळी संपवून आले की विहिरीवर दोन बादल्या अंगावर घेतल्याशिवाय घरात येत नाहीत. कपडे वेगळ्या दोरीवर वाळतात. लग्नाकार्याला जायचे तर आदल्या दिवशी सुटी टाकतात, कारण लोकांत बसल्यावर शेजारचा माणूस सरकला की त्यांना लागते. मुलीचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, ‘माझा जन्म वासात गेला. आता पोरीनंही वासातच काढायचा?’ मुलीने वर पाहिले नाही, पण उत्तर दिले. ‘बाबा, तुम्ही ड्रम उचलता. ड्रममध्ये काय भरायचं ते मला ठरवायचं आहे.’

आमच्या दोघींत यावरून मतभेद होते. धाकटीचे म्हणणे असे की मुलीने स्पर्धा परीक्षा द्यावी. सरकारी नोकरीने आपल्या समाजातली कित्येक घरे उभी राहिली, अत्तराने कुणाचे घर उभे राहिलेले आम्ही पाहिले नाही. शिवाय खर्च. पोस्टात जे थोडेफार साठवले होते ते तिच्या लग्नासाठी. थोरलीचे म्हणणे असे की आपल्या हाताला जे काम येते, त्यातलेच वरचे काम मुलीला मिळत असेल तर तिला अडवू नये. आम्ही वास ओळखूनच पातेले उतरवतो, चव घेत नाही. ही नजर तिच्यात घरातून आली आहे. नातेवाइकांनी तर सरळ विचारले, ‘शिकून सवरून श्रीमंतांच्या अंगाला अत्तरं लावणार का?’

या प्रश्नाने आम्हाला दोन रात्री झोप आली नाही. साधेपणा ही आपली शिकवण. पोटाला चिमटा घेऊन शिकलेली पिढी चैनीच्या वस्तूच्या मागे लागावी का? तेव्हा आम्हाला बाबासाहेबांनी महाडला स्त्रियांपुढे केलेले भाषण आठवले. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते की स्वच्छ राहा, इतर स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, ज्या दागिन्यांवरून तुम्ही दुरून ओळखू येता ते टाकून द्या. दुसऱ्या दिवशी बायका लुगडी बदलून आल्या. तो नट्टापट्टा नव्हता. अंगावरची जी खूण दुसऱ्याने आपल्याला खाली ठेवायला वापरली, ती पुसण्याचा तो हक्क होता. मग वास ही सुद्धा अशी खूणच नव्हे काय?

याची साक्ष आमच्या मुलीनेच दिली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी न्यायची. एक दिवस डबा उघडल्यावर शेजारच्या दोघी उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. काही बोलल्या नाहीत. मुलगी त्यानंतर वर्षभर डब्यात चपाती-बटाटा नेत होती, आणि का ते तिने आम्हाला सांगितले नव्हते. आता सांगितले. आम्हाला वाईट वाटले. मात्र आम्ही तिला एक फरक सांगितला. मळ धुवावा, घाम धुवावा, रसायन तर धुवावेच धुवावे. पण घर धुवून टाकता येत नाही आणि टाकूही नये. चहाच्या वासाने एके काळी माणसाला उंबऱ्याबाहेर उभे केले, आज तोच वास अंगाला लावून माणसे ऑफिसात मिरवतात. वास तोच आहे. त्याला वरचा-खालचा ठरवणारे नाक बदलले. ते ठरवणाऱ्यांत आपल्या घरातले एखादे नाक का असू नये?

मुलीने एक वही केली आहे. तिच्यात ती वास लिहून ठेवते. गुळाचा कोरा चहा. उकड्या तांदळाची पेज. उन्हात वाळणारी रातांब्याची सोले. पहिल्या पावसात भिजलेले कौल. जुलै २०२१ च्या पुराने महाडात घराघरांत शिरलेला चिखल, तोही तिने लिहिला आहे. आम्ही तेव्हा महाडच्या नातेवाइकांकडे घमेली घेऊन चिखल काढायला गेलो होतो आणि तो वास महिनाभर नाकातून गेला नव्हता. शेवटच्या पानावर लिहिले आहे, ‘बाबांचा सदरा’. त्यापुढे तिने काहीच लिहिलेले नाही. वडिलांनी ते पान वाचले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पोस्टात गेले.

तर निर्णय झाला आहे. पोस्टातले पैसे आणि आमच्या बचत गटाचे कर्ज मिळून एका वर्षाची सोय होते. भांडुपला तिच्या मामाची खोली आहे, राहणे तिथे. धाकटीची अट अशी की स्पर्धा परीक्षेची पुस्तके बरोबर न्यायची, आणि ती अट मुलीने मान्य केली. लग्नाचे पुढे पाहू. ती शिकून काय होईल, तिला कोण घेईल, याची हमी आम्हाला कुणी दिलेली नाही. टपरी आहे तोवर चहा विकून कर्जाचे हप्ते फेडायचे आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या कितीतरी घरांतली मुले रसायनशास्त्र घेऊन पदवीधर होतात आणि पुढे काय करावे हे न कळून मिळेल त्या पाळीवर लागतात. सुगंधाचे शिक्षण हाही एक रस्ता आहे, हे त्यांना सांगा. मुलुंडच्या अभ्यासक्रमाची चौकशी करा. कनौजला केंद्र सरकारने १९९१ साली सुगंध आणि स्वाद विकास केंद्र सुरू केले आहे, तिथेही असे शिक्षण मिळते. चौकशीला पैसे पडत नाहीत. आणि तुमच्या मुलाच्या डब्यात अचानक चपाती-बटाटाच दिसू लागला, तर त्याला एकदा जवळ बसवून कारण विचारा.